लेक जिथं थांबली होती

टेलरकाकांना दिवसभर माणसांची कमी नव्हती. पँट आखूड करा, चेन बदला, काका जरा लवकर. पण संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. बायको गेली, एकुलती एक लेक नोकरीपायी दूर. मागच्या खेपेला तिनं टीव्ही आणला, त्यात सिनेमे बघायचं स्वतःचं खातं जोडलं आणि म्हणाली, "बाबा, भिंतीकडं बघत बसू नका. काहीतरी बघा."

काका बघू लागले. लेकीची आवड भलतीच! जुने, काळे-पांढरे, परक्या भाषांतले सिनेमे. ज्या चित्राखाली लाल रेघ असेल ते दाबायचं, एवढं काकांना जमायचं. दाबलं की कुणीतरी बाई आधीच रडत असायची. कोण, कुणाची, कशासाठी, काही पत्ता नाही. भारी सिनेमे मधूनच सुरू होतात, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि गोडीही लागली. एखादा म्हातारा नुसता खिडकीशी उभा असायचा. त्याच्या कोटाचा खांदा उतरलेला काकांना आधी दिसायचा, मग त्याचं दुःख.

शेजारच्या चष्मेवाल्याला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "अहो, लाल रेघ म्हणजे तुमच्या पोरीनं तिथवर बघितलंय! तुम्ही पुढचं बघताय."

काकाही हसले. घरी येऊन मात्र रिमोट हातात धरून बसून राहिले. म्हणजे इथवर ती होती. इथं तिला झोप आली असेल, किंवा डोळे भरून आले असतील. फोनवर ती "जेवलात का? गोळी घेतली का?" यापलीकडं जात नसे, आणि काकांनाही पुढं काही सुचत नसे. आता घरबसल्या रोज ती कुठं थांबली ते कळू लागलं, तसं त्यांना बरं वाटू लागलं.

मग एके संध्याकाळी एक सिनेमा उघडला. आई लहान मुलीची वेणी घालत होती. शेवट अगदी जवळ होता, तरी लेकीनं तिथंच सोडून दिलेला. काकांनाही पुढं जाववेना. पोरीला आईची आठवण येते आणि ती एकटीच रडते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

रविवारी फोनवर त्यांनी धीर केला. "अगं, तो वेणीचा सिनेमा... तू अर्धवट का सोडलास?"

ती हसली. "अय्या बाबा, तुम्ही माझ्या खात्यातलेच बघता? तरीच माझे सिनेमे आपोआप पुढं सरकतात! थांबा, तुम्हाला वेगळं करून देते."

"अगं नको, चालतंय मला."

"काय चालतंय? सगळं पहिल्यापासून दिसेल आता."

पोर आईवर गेलेली. एकदा मनात घेतलं की ऐकायची नाही.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर दोन चौकोन आले. एक तिचा, त्यावर बारीकसं कुलूप. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'बाबा'. काकांनी तो दाबला. आत सगळं कोरं, लाल रेघ कुठंच नाही. दुकानातून घरी आल्यावर इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शोधून शोधून त्यांनी वेणीचा सिनेमा लावला. आता पहिल्यापासून. कोण कुणाची, सगळं समजत गेलं. आईनं मुलीला जवळ बसवलं, कंगवा हातात घेतला, तेव्हा काकांनी सिनेमा थांबवला आणि टीव्ही बंद केला.

पुढचं त्यांनीही कधी बघितलं नाही.