मिरचीच्या पथारीवरचं डुक्कर

या भुताखेतांच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या बाईकवर मागे कोणीतरी येऊन बसतं... वाचून जांभया येतात मला. असल्या भंपकपणावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. एक डुक्कर तेवढं घशात अडकलंय.

आम्ही नंदुरबारचे मिरचीवाले. गावाबाहेर आमची पथारी — म्हणजे माळावर वाळत घातलेली लाल मिरची. तिचा ठसका असा, की वरून उडणारा कावळा शिंकून खाली पडतो. तीन पडलेले मी स्वतः पाहिलेत. भागीदार माझा साडू, अंबूभाई. कांद्याच्या नुसत्या वासाने आंघोळ करणारा सोवळा गडी, आणि एक नंबरचा भित्रा. दोन वर्षांपूर्वी सुरतेला त्याच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, तर कानांत बोटं घालून म्हणाला, "माले काही सांगू नका. पाव्हनाले सांगा."

पाव्हण्याला, म्हणजे मला, डॉक्टरांनी सांगितलं — झडप डुकराची आहे. औषधात धुऊन तिची ओळख पुसलेली असते, तरी कधीकधी शरीराला कळतंच की ही परकी, आणि ते तिच्यावर तुटून पडतं. दम लागला, पाय सुजले, की धावत या.

सोवळ्याला डुक्कर कसं सांगणार? मी बाहेर येऊन त्याला सांगितलं, "प्लास्टिकनी शे."

झालं! तपासणीला चल म्हटलं की हा छाती ठोकणार — "प्लास्टिकले काय व्हनार शे? मन्ही बादली बारा वरीस चालनी!" आणि मी? खोटं उघडं पडेल म्हणून गप्प.

यंदा पथारी भरली आणि भर दुपारी ते डुक्कर आलं. जिथे कुत्रंही पाय ठेवत नाही त्या मिरचीतून, एकदाही न शिंकता. अंबूभाईच्या खाटेशी बसलं, तोंड थेट त्याच्या छातीकडे. ढेकळं मारली, काठी हाणली... हललं नाही. संध्याकाळी आपणहून गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. पथारीवर एवढी माणसं, पण ते बसणार त्याच्याचपाशी.

चौथ्या दिवशी अंबूभाईने काठी खाली ठेवली.

"पाव्हना, मन्हा छातीमा काय शे? खरं सांग."

सांगितलं. वाटलं, हा इथेच मरतो. त्याने आधी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग हळूच पायजमा वर केला. घोटे भोपळ्यासारखे.

"आठ दिनपासून दम लागी ऱ्हायना. प्लास्टिक शे म्हनीसन बोलनू नही."

त्याच दिवशी सुरत गाठली. शरीराने झडपेला ओळखलं होतं. ती कडक होऊन अर्धीच उघडत होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर बंदच पडली असती, असं डॉक्टर म्हणाले. झडप पुन्हा बदलली. या वेळी धातूची, आणि अंबूभाईने सगळं स्वतःच्या कानांनी ऐकून घेतलं.

हुशार मंडळी म्हणतात, डुक्कर खायला येत असेल. अरे दीडशहाण्यांनो, मिरची खायला? आणि जुनी झडप निघाल्यापासून ते एकदाही का फिरकलं नाही? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, तेव्हा अक्कल पाजळू नका.

अंबूभाई आता रोज दुपारी मिरची सारून खाटेशेजारी डुकरापुरती जागा मोकळी ठेवतो. मी हसलो तर म्हणतो, "हासू नको. तुन्हापेक्षा ते बरं. खरं सांगाले तरी चालत उनं."