दुखणं न मानलेलं दुखणं

माळ्यावरचं पितळी गंगाळ काढायला गेलो आणि ते निसटून सरळ माझ्या डोक्यावर आलं. गंगाळ आमच्याच दुकानातलं, मीच ठोकून घडवलेलं. त्यामुळे भंडाऱ्यातल्या आमच्या गल्लीला दोन दिवस हसायला विषय मिळाला. टेंगूळ चांगलं लिंबाएवढं आलं होतं. "मार बाहेर आला, आता भेव नाई," शेजारच्या काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी स्कॅन केलं, आत काही नाही म्हणाले आणि चार प्रश्न विचारले. आधीपासून डोकं दुखायचं का, हा त्यातला एक. मी बेधडक नाही म्हणालो.

"मग आठ दिवस आराम करा आणि कामाला लागा."

नवव्या दिवशी हातोडी घेऊन थोरल्या भावाशेजारी बसलो. त्याच्या चार ठोक्यांतच डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटी झाली. कानात कापूस घातला, वरून फडकं बांधलं, पण काही उपयोग नाही. असा दीड महिना गेला. लग्नसराई तोंडावर, आसगावच्या एका घरची आंदणाची भांडी अडलेली, आणि मी आतल्या खोलीत उशीखाली डोकं घालून पडलेलो. येईल तो विचारी, "अजून बरं नाई झालं? जखम तं दिसत नाई." अरे, जखम दिसली असती तर मीच मिरवली नसती का! त्या सगळ्यांचा संताप यायचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. डॉक्टरांना दर खेपेला एकच विचारायचो, किती दिवस? ते दर खेपेला म्हणायचे, बघू.

तिसऱ्या खेपेला मी भांडायच्या तयारीनंच गेलो. "रोज संध्याकाळी दुखतं तेवढंच दुखलं असतं, तर तुमच्याकडे आलोही नसतो!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज संध्याकाळी?"

आता यात विचारण्यासारखं काय होतं? दिवसभर पितळ ठोकलं की कपाळ ठणकतंच. पट्टी आवळायची, चहा घ्यायचा. वडिलांनी तेच केलं, आम्हीही तेच करतो. त्याला आमच्याकडे कोणी दुखणं म्हणत नाही.

"अहो, मी तेच विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले. "ज्यांचं डोकं आधीपासून दुखतं, त्यांचा असा त्रास लांबण्याची शक्यता जास्त. तेव्हा कळतं तर आठ दिवसांत त्या आवाजात बसा म्हटलंच नसतं. आता महिनाभर तरी हातोडी नको."

चरफडत घरी आलो. दादा दोघांचं काम एकटाच उपसत होता. त्याला सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला.

"पण तू त्यायले सांगतलंच काहून? आता तुले कामाले बसूच नाई देत ना ते!"

आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही अगदी तेच वाटलं.