उंदीर पडले, तीन

प्लेगच्या दिवसांत सोलापुरात उंदीर मरत नसे, पडत असे. 'अमक्याच्या घरी उंदीर पडला' एवढं कानावर आलं की ऐकणाऱ्याचा हात आपसूक काखेकडे जाई, गाठ चाचपायला. मीही चाचपत असे. कचेरीत असल्यामुळे कोटाच्या आतून.

मी तेव्हा मामलेदार कचेरीत नवा कारकून होतो. इंग्रजी बरं म्हणून प्लेगचे कागद माझ्याकडे आले. सरकारनं साथीचा बंदोबस्त जिन्यासारखा बांधला होता. गल्लीच्या मुकादमानं म्युनिसिपालिटीला वर्दी द्यायची, तिनं ती आमच्याकडे धाडायची, आम्ही इंग्रजी करून कलेक्टरसाहेबांकडे. साहेबांचा हुकूम त्याच पायऱ्या उतरून खाली आला की दवंडी पिटायची आणि मग लोकांनी घरं सोडून माळावरच्या झोपड्यांत जायचं. पिसवांना या जिन्याची माहिती नव्हती.

एके दिवशी एक कागद साहेबांकडून परत आला. खाली लाल मोहोर, सही आणि शेरा: 'छप्पर ताबडतोब दुरुस्त करून घ्यावे.' मला हसू आलं. साहेब जिल्ह्यात नवा होता. मग वरचा मजकूर वाचला. 'थ्री रॅट्स हॅव फॉलन.' अक्षर माझंच होतं.

वर्दीत फक्त घरनंबर होता. मूळ वही काढून पाहिली. ते पद्मसाळी विणकराचं घर. त्याच्या आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात एकच भिंत. बहिणीला सातवा महिना होता.

हेडक्लार्कना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "शुद्धिपत्र पाठवा."

"किती दिवस लागतील?"

"पहिल्याला लागले तेवढेच. आठ."

"आणि तोवर?"

"तोवर सरकारच्या दृष्टीनं ते उंदीर जिवंत आहेत."

शुद्धिपत्र लिहून दिलं, जुना कागद खिशात घातला आणि बहिणीकडे निघालो. रस्ताभर मला वाटेत दिसणारी प्रत्येक तिरडी तिच्याच गल्लीतून आलेली वाटत होती.

बहीण चुलीपुढे होती. "दादा, भलत्या वेळी कसा?" मी सामान बांध म्हणालो. तिच्या सासूबाई मधे आल्या.

"दवंडी कुठं झालीय? दवंडीआधी घर सोडलं तर लोक म्हणतील, यांच्याच घरात गाठ निघाली. उद्या कुणी पाणी भरू देणार नाही."

"शेजारी तीन उंदीर पडलेत, आई," मी म्हणालो.

"शेजारी हलले का? नाही ना?"

शेजारचा विणकर दारातूनच म्हणाला, "मागावर साडी आहे, रावसाहेब. हुकूम आला तर सोडू. उंदरासाठी नाही सोडणार."

म्हणजे आता दवंडीवाल्याशिवाय इलाज नव्हता. तो वेशीजवळ हलगी शेकत बसला होता.

"हुकूम कुटं हाय? हुकूम नसताना वाजवली तर माज्या पोटावर पाय येईल की!"

मी खिशातला कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं, पण मोहोर ओळखू येत होती. बराच वेळ त्यानं ती न्याहाळली. मी दोनदा मागं वळून कचेरीच्या वाटेकडे पाहिलं. तो म्हणाला, "तुमी लई भ्यालाय, रावसाब. मंजी हुकूम खरा दिसतोय."

अशा रीतीनं छप्पर दुरुस्त करण्याच्या हुकुमानं दिवस मावळायच्या आत सगळी गल्ली रिकामी झाली. विणकरानं साडी अर्धीच कापून बरोबर घेतली.

पुढचे दिवस मी दोन भीतींत काढले. कचेरीत कुणी हाक मारली की वाटे, नोकरी गेली. माळावर कुणी हाक मारली की वाटे, बहीण गेली. रोज मी तिला लांबूनच विचारी, "काही दुखत नाही ना?" ती चिडे. "दादा, तू इन्स्पेक्टर झालास का?"

आठव्या दिवशी दुपारी गेलो तर ती झोपडीत तीन गोधड्यांखाली कुडकुडत होती. अंग तापलं होतं. सासूबाईंनी मला बाहेर काढलं आणि दाराला लुगडं लावलं. मी पाठ करून उभा राहिलो. आत त्या तिच्या काखा, जांघा चाचपत असणार. एवढ्यात शहराकडून हलगी ऐकू आली. शुद्धिपत्राचा हुकूम जिना उतरला होता. 'ऐका हो ऐका, घरं खाली करा,' असं तो दवंडीवाला माणूस नसलेल्या गल्लीला इमानेइतबारे सांगत होता. मी हलगीचे ठोके मोजत राहिलो, कारण आतून काहीच आवाज येत नव्हता.

लुगडं बाजूला झालं.

"गाठ नाही," सासूबाई म्हणाल्या. "हिवताप आहे. कोयनेल आणा."

हिवताप आहे म्हणून आनंदानं रडलेला माणूस सोलापुरात तेव्हा बहुधा मी एकटाच असेन. मी कोयनेल आणायला पळालो. वाटेत दवंडीवाला भेटला.

"रावसाब, ह्यो दुसरा हुकूम कशापायी?"

"पहिल्याचा खुलासा आहे," म्हटलं आणि तसाच पुढे पळालो.