चराच्या अलीकडे पडलेला हंस

आमचं घर नायमेखन या डच शहराच्या अगदी शेवटच्या रांगेत आहे. मागे छोटीशी बाग, बागेला लाकडी फाटक, फाटकापुढे लांब ढांग टाकून ओलांडता येईल असा पाण्याचा चर आणि चरापलीकडे एका शेतकऱ्याचं गवताचं रान. घर घेताना एजंट पुन्हा पुन्हा सांगत होता, “मागे नुसतं मोकळं आहे.” त्या मोकळ्यात शनिवारी सकाळी बंदुका वाजतात, हे सांगायला मात्र तो विसरला.

पहिला बार ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी गाडीचा टायर फुटला. दुसऱ्या बाराला हातातला चहा ओट्यावर सांडला. पडदा सारून बघते तर रानात हिरव्या कोटातला एक उंच माणूस, शेजारी तपकिरी कुत्रा आणि वरून एक हंस खाली कोसळतोय. हंस म्हणजे इथले करडे, जाडजूड रानहंस. थव्यानं येतात, दिवसभर गवत खातात आणि भांडल्यासारखे ओरडतात. पण म्हणून काय माझ्या खिडकीसमोर त्यांना गोळ्या घालायच्या?

मी खेमेन्तेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन लावला. तिथल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की वस्तीची हद्द चराच्या मधोमध संपते. हद्दीच्या आत बंदूक चालवायला सक्त मनाई आहे, बाहेरचं प्रांताच्या सरकारला विचारा. प्रांत म्हणाला, हंस शेतकऱ्याचं गवत फस्त करतात, म्हणून परवानगी दिली आहे. बंदुकीचं पोलिसांना विचारा. पोलीस म्हणाले, त्या गृहस्थांकडे परवाना आहे, ते घरांकडे पाठ करून बार काढतात आणि रविवारी तर अजिबातच काढत नाहीत. सगळे इतके सभ्य की भांडायलाही जागा नाही. मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करते. केसाहून बारीक रेघांमध्ये दिवसभर डोकं घालते. पण चराच्या मधोमध ओढलेली ही न दिसणारी रेघ काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

त्याच सुमारास बाबा नागपूरहून आले होते. आई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच मुक्काम. ते जवळजवळ बोलतच नसत. सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण आणि पंचशील म्हणत, तेवढाच त्यांचा मोठा आवाज घरात ऐकू येई. बाकी दिवसभर हं आणि नाही. मी ऑफिसला जाताना ते सोफ्यावर बसलेले असत आणि परत येताना त्याच जागी.

मग त्यांना हंस सापडले. उरलेली पोळी कचऱ्यात टाकलेली त्यांना कधीच खपली नाही, म्हणून एका संध्याकाळी त्यांनी ती कुस्करून चराच्या काठावर टाकली. दोन-तीन हंस आले. दुसऱ्या दिवशी आणखी आले. आठवड्याभरात मी स्वयंपाकघरातून ऐकू लागले, “ये रे. आज उशीर काऊन केला? तो तुझा भाऊ नाही आला?” महिनोन्महिने माझ्याशी एक वाक्य धड न बोललेला माणूस हंसांच्या घरच्यांची चौकशी करत होता. मला राग आला आणि रडूही आलं. मी मुद्दाम पोळ्या जास्त करू लागले.

एकदा त्या शिकाऱ्याला जाब विचारायला मी चरापर्यंत गेले. त्यानं टोपी काढून गुड मॉर्निंग केलं, त्यामुळे तयार केलेलं पहिलं वाक्य वायाच गेलं. तो शांतपणे म्हणाला, “तुमचे वडील हंसांना खायला घालतात. घालू नका. ते त्यासाठी रानावरून अगदी खालून उडत येतात, बंदुकीच्या टप्प्यात.” म्हणजे बंदूक त्याची आणि चूक आमच्या पोळीची! मी तणतणत घरात आले आणि सगळं बाबांना सांगितलं.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “चराच्या अलीकडे त्याला बंदूक चालवता येत नाही ना? कायदाच आहे ना तसा?”

“हो.”

“मग झालं तर. मी त्यांना आतच बोलावतो.”

त्या दिवसापासून पोळी चराच्या काठावर न पडता आमच्या बागेत पडू लागली. सकाळी आणि संध्याकाळीही. मलाही ते पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एखादा नियम आमच्या उपयोगी पडत होता. बागेत यायचं तर हंसांना ते रान ओलांडूनच यावं लागणार, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्याच शनिवारी बार झाला आणि एक हंस तिरका होत चर ओलांडून आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात पडला. एक पंख लोंबत होता. उठायला जाई आणि कुशीवर पडे. बाबा अनवाणीच धावले. “हा आपलाच आहे,” म्हणाले. मला सगळे हंस सारखेच दिसतात.

शिकारी फाटकासमोर, चरापलीकडे येऊन थांबला. तुमच्या परवानगीशिवाय मला आत पाऊल टाकता येत नाही, म्हणाला. इथे बंदूकही चालवता येत नाही. येऊ दिलंत तर हातानं, एका क्षणात संपवेन. मी ते बाबांना सांगितलं.

“नाही म्हणून सांग,” बाबा म्हणाले. “हंस हद्दीत आलाय. आता तो आपला.”

मी ते अगदी चवीनं सांगितलं. मग प्राण्यांच्या अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. येतो म्हणाले, पण दुपारपर्यंत. शिकारी मात्र जाईना. कुत्र्याला खाली बसवून तिथेच उभा राहिला.

“आता कशाला थांबलाय?” मी ओरडले.

“मी जखमी केलंय,” तो म्हणाला. “असं टाकून जाता येत नाही.”

आता ह्यालाही तत्त्वं असावीत! माझा इतका संताप झाला की मी आत गेले, भांडी आपटली आणि परत बाहेर आले. बाबा वाफ्याशी बसले होते. त्यांनी हंसापुढे ठेवलेल्या वाटीतलं पाणी तसंच होतं. हंस चोच उघडत होता, पण आवाज येत नव्हता. उठायचं आता त्यानं सोडून दिलं होतं. बाबांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि फाटकाची कडी काढली.

“बोलाव त्याला.”

“अहो बाबा, अ‍ॅम्ब्युलन्स येतेय ना!”

“तोवर त्यानं हे काऊन सोसायचं? आपलं शील राहावं म्हणून?”

शिकाऱ्यानं बंदूक पलीकडेच ठेवली, चर ओलांडला, फाटकाशी गवतावर बूट पुसले आणि आत आला. मी तोंड फिरवलं. बाबांनी नाही फिरवलं. झाल्यावर शिकाऱ्यानं विचारलं, पक्षी नेऊ का? बाबांनी मानेनंच हो म्हटलं. मी अ‍ॅम्ब्युलन्सला येऊ नका म्हणून कळवलं.

संध्याकाळी दोन पोळ्या उरल्या. बाबांनी त्या दुधात कुस्करून स्वतः खाल्ल्या. चराशी हंस ओरडत होते. बाबांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, बंदुकांच्या सुट्टीचा. मी चहा टाकत होते. बाबांनी मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आणि पंचशील धरलं ते एकदम चोरी न करण्याच्या शीलापासून. मला वाटलं, वयामुळे चुकले. प्राण्याचा जीव न घेण्याचं पहिलं शील मी स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं म्हणून दिलं, लहानपणी माझं चुकलं की ते द्यायचे तसं.

बाबा थांबले.

“विसरलो नाही, बेटा,” ते म्हणाले. “आज तेवढं राहू दे.”