मेखा थोरलीकडं

आमच्या सासरी दीडशहाणी माणसं भरपूर, पण सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलता. तो आता नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. तो होता तेव्हाही बोलत होते, आणि तोंडावर बोलत होते.

माझे सासरे सुतार. छावणीतल्या एका फर्निचरच्या शेडमध्ये जन्मभर लोकांची टेबलं-खुर्च्या केल्या. घरासाठी मनापासून केलेली वस्तू एकच, पाळणा. नुसता पाळणा नाही, तो टांगायचा सागवानी सांगाडासुद्धा. चार खांब आणि त्यांना जोडणारी आडवी लाकडं. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत जायची आणि दोन्हींच्या आरपार बाभळीची मेख ठोकायची, करंगळीएवढी जाड, टोकाला जरा निमुळती. अशा आठ मेखा. लोखंडाचा एक खिळा नाही, डिंकाचा थेंब नाही. पोर मोठं झालं की मेखा उलट्या बाजूनं ठोकून काढायच्या आणि सांगाडा मोकळा करून माळ्यावर टाकायचा. पुढचं पोर आलं की परत उभा. सासरे भोकं मुद्दाम केसभर चुकवून पाडायचे, म्हणजे मेख आत जाताना सांधा ओढून घेते. "खिळा नुसता धरून ठेवतो, मेख जवळ ओढती," असं म्हणायचे. माझी मुलगी त्या पाळण्यात झोपली तेव्हा तो कधी हलायचा थांबला ते कळायचंसुद्धा नाही, इतका मुका होता.

सासरे गेले आणि दोघा भावांची वाटणी करायला हा चुलता पंच म्हणून बसला. भांडी झाली, खाटा झाल्या, पत्र्याची पेटी झाली. पाळण्यापाशी गाडी अडली. थोरलीला, म्हणजे माझ्या मोठ्या जावेला, तो हवा होता. मलाही हवा होता. तर या शहाण्यानं मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "पाळणा-सांगाडा धाकटीकडं, मेखा थोरलीकडं. ज्याला लागंल त्यानं दुसऱ्याला मागायचं. तेवढंच येणं-जाणं राहतंय."

सगळ्यांनी 'व्हय व्हय' केलं. आमचे हे तर नंदीबैलासारखी मान डोलावत होते. मी म्हटलं, "मग खाटेचीबी करा की अशीच. दोरी एकीला, पाय एकीला." कुणी हसलं नाही. थोरलीनं आठ मेखा उचलून पदरात बांधल्या, आणि भाऊजींच्या मागं रिक्षात बसून हर्सूलच्या नव्या घरी निघून गेली.

येणं-जाणं राहतंय म्हणे! डोंबल राहिलं. मेख हा शब्दच असा आहे. 'यात काहीतरी मेख आहे' म्हणतो ना आपण, तसं त्या म्हाताऱ्यानं आमच्या घरात मेख मारून ठेवली आणि आपण मोकळा झाला. पुढं थोरलीच्या सुनेला दोन पोरं झाली. थोरलीनं सांगाडा मागितला नाही. मी का म्हणून आपणहून द्यावा? धाकट्या नातवाच्या नामकरणाला गेले तर काय, बाजारातला लोखंडी पाइपचा पाळणा. निळा रंग, वर प्लास्टिकची फुलपाखरं, आणि हलवला की कुईं-कुईं. बसस्टँडवरचा हापसा तरी बरा वाजतो. "छान आहे की," मी म्हटलं. असं म्हटलं, की तिला कळावं. तिला कळलं. "हलका आहे," एवढंच म्हणाली आणि लाडू वाटायला गेली.

मग माझ्या मुलीचं. लग्न होऊन ती पैठणला गेली आणि घरात पाळणा हलायचं नाव नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, एकदा राहिलं ते गेलं. लोकांच्या जिभेला हाड नसतं. हिला कुणी ओटी भरायला बोलवायचं बंद झालं, कुणी बाळ हातात द्यायचं बंद झालं. माहेरी आली की मागच्या खोलीत झोपायची. तिथं वर माळ्यावर तो सांगाडा, जुन्या चादरीत गुंडाळलेला. ती तिकडं न बघितल्यासारखं करायची. मी तिच्याकडं न बघितल्यासारखं करायचे. दोघी मायलेकी छताखाली पडून पंख्यावर बोलायचो.

अशातच एका लग्नात थोरली माझ्याशेजारी जेवायला बसली. पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "सांगाड्याला वाळवी तर लागली नाही ना गं? एकदा काढून बघ." म्हणजे बघा! माझ्या लेकीची कूस उजवत नाही आणि ही बया मला वाळवी विचारती. मी ताटावरून उठले. आमचे हे मागून आले, "अगं, तिनं सहज विचारलं असंल." यांना जगात सगळं सहजच वाटतं. आग लागली तरी म्हणतील, ऊब आली.

यंदा मात्र मुलीला दिवस गेले आणि राहिले. मुलगी झाली. दवाखान्यातून सरळ माझ्याकडं आणलं. माझ्या लेकीनं दुसरं काही मागितलं नाही. बाळाला दूध पाजता पाजता मान वर न करता म्हणाली, "आई, नाव आजोबांच्या पाळण्यात ठेवायचं."

त्या दिवशी मी स्वतः शिडीवर चढले. सांगाडा खाली काढला, चादर सोडली. वाळवी नव्हती. पुसून काढल्यावर साग असा काही दिसायला लागला, की मला रडू फुटलं. मग लेक म्हणाली, "मोठ्या आईला फोन करते. मेखा मागवून घेते."

"खबरदार!" मी म्हटलं. "मागायचं नाही."

"अगं, आठ लाकडाचे तुकडे आहेत."

"तुकडेच आहेत ना? मग मागायचं कशाला? जिनं वाळवीची चौकशी केली तिच्या दारात मी हात पसरू?"

हे मधे पडले, "मी जाऊन आणतो. हर्सूल काय लांब नाही." मी यांच्याकडं नुसतं बघितलं. हा माणूस मेथी आणायला गेला तर शेपू घेऊन येतो. थोरलीच्या घरी चहा पिऊन, भावाशी गप्पा मारून, मेखांऐवजी आमंत्रण घेऊन आला असता.

लेक गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला कळायला हवं होतं. पण मला तेव्हा थोरलीचं तोंड दिसत होतं, 'शेवटी मागायला आलीच ना' असं म्हणणारं.

नामकरणाच्या आदल्या दिवशी मी सुतार बोलावला. सुतार कसला, किचन ट्रॉल्या बसवणारा. कानात ब्लूटूथ, हातात ड्रिल, आणि लाकडाला हात लावायच्या आधी मोबाइलला हात लावतो असला. सांगाडा फिरवून फिरवून बघितला. म्हणाला, "नव्या मेखा करून देतो काकू, पण दोन दिवस लागतील."

"मेखाच नकोत मला," मी म्हटलं. "लोखंडी बोल्ट मार."

त्यानं भोकात बोट घातलं. "काकू, ये छेद तिरपे हैं. बोल्ट सीधा नई जाता. बडा करना पडेगा."

"कर बडा."

"सोच लो. फिर छोटा नई होता."

त्यालासुद्धा अक्कल शिकवायची हौस आली. "तू ड्रिल चालव," मी म्हटलं, "बाकीचं माझं मी बघते." आठही भोकांतून पिवळा भुसा खाली पडला. सागाचा वास घरभर झाला. लेक बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली, आवाजानं बाळ दचकतं म्हणाली. तासाभरात सांगाडा उभा. आठ चकचकीत बोल्ट. मी धरून हलवून बघितला, पक्का होता. म्हटलं, आता ये म्हणावं थोरलीला. तुझ्या मेखा घाल चुलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आधीच थोरली आली. एकटी, वंदनेसाठी पांढरी साडी नेसून, हातात पिशवी. दम लागला होता. मी दारातच म्हटलं, "इतक्या लवकर?"

"पोरीनं फोन केला होता," ती म्हणाली. "पाळणा उभा करतोय म्हणाली. बाकी काही बोलली नाही. मी म्हटलं, मग मला लवकर जायला पाहिजे."

माझी लेक खाली मान घालून बसली होती. तिनं मागितलं नव्हतं. माझा शब्द मोडला नव्हता. नुसतं सांगितलं होतं.

थोरलीनं पिशवीतून पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी काढली आणि सतरंजीवर सोडली. आठ मेखा. मला आठवत होत्या त्या राखाडी, कोरड्या. या काळ्याभोर होत्या, हाताळलेल्या जात्याच्या खुंट्यासारख्या गुळगुळीत. फडक्याला तेलाचा वास येत होता.

"दर उन्हाळ्यात तेल पाजते," ती म्हणाली. "बाभूळ कोरडी पडली की तडकती. मामंजींनी सांगून ठेवलं होतं. ते म्हणायचे, मेखेला तेल आणि सांगाड्याला वाळवी, एवढं सांभाळा." मग तिनं सांगाड्याकडं बघितलं, आणि बोल्ट बघितले.

हे पंख्याकडं बघायला लागले. जावई उठले, बिचारे भले आहेत. म्हणाले, "एक बोल्ट काढून बघू का?" त्यांनी पान्यानं बोल्ट सोडवला. थोरली गुडघ्यावर बसली. एक मेख निवडली, बोटानं चाचपून भोकाला लावली. सासरे लावायचे तशीच, निमुळतं टोक पुढं. हातोडीसाठी तिनं दुसरा हात मागं केला.

हातोडी लागली नाही. मेख एका बाजूनं आत गेली, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली, आणि फरशीवर टकटक करत खाटेखाली गेली.

माझी लेक वाकून ती शोधायला लागली. खाटेखाली डोकं घालून ती बराच वेळ शोधत राहिली. मेख समोरच पडली होती.

मी तोंड तयार ठेवलं होतं. थोरलीनं एक शब्द काढावा, की मी दहा काढणार होते. चुलत्यापासून वाळवीपर्यंत सगळं. तिनं काही काढलं नाही. मेखा परत फडक्यात बांधल्या आणि पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवली. मग बोल्ट उचलला, भोकात सरकवला, नट बोटांनीच घट्ट फिरवत म्हणाली, "लोखंडाचं बरं असतं गं. कुणाला मागावं लागत नाही."

पाहुणे आले. बुद्धवंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं. लेकीनं बाळाला पाळण्यात ठेवलं. दोरी कुणी ओढायची म्हणून सगळे एकमेकांकडं बघायला लागले. लेक म्हणाली, "मोठी आई ओढेल." थोरलीनं दोरी हातात घेतली आणि हळूच ओढली.

पाळणा हलला. बोल्टातून आवाज आला. कुईं-कुईं.

थोरलीनं माझ्याकडं बघितलं नाही.