पांदणीतला उलट्या पायांचा

तुमच्यापासून काय लपवायचं! आमच्या आंजी गावात अजूनही मला पाहिलं की बाया तोंडाला पदर लावतात. मान म्हणून नाही हो, हसू दाबायला! सांगतो, आधी चहा ओता.

मी शाळेत भूगोल शिकवतो. बावीस वर्षं फळ्यावर 'सदाहरित वने' लिहितोय, आणि पाहिलं काय? आपलं सागाचं जंगल, उन्हाळ्यात पार खराटा होणारं! त्यामुळे दक्षिणेकडच्या पावसाळी जंगलातल्या वन्यजीव शिबिरासाठी निवड झाली, तेव्हा मी नाचायचाच राहिलो. मग सूचनांचा कागद आला. 'ठरलेल्या वाटेवर एकट्याने, आवाज न करता चालावे लागेल.' एकट्याने? मी परसातल्या संडासातही खाकरत जाणारा माणूस!

बायको म्हणाली, "बोरच्या जंगलातला वाघ शिवारात आला म्हनलं तरी तुम्ही खाटेवर पाय वर घेऊन बसता. तिथं कायले मरायले जाता?"

होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. म्हटलं, चार दिवस सराव करू.

वाघ मागून झडप घालतो, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधायचा, असं मोबाईलवर पाहिलं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनातला सेनापती घरी आणला. चेहरा पांढराफटक, डोळे वटारलेले, मिशा पार कानापर्यंत. अंगात घोट्यापर्यंतचा रेनकोट, जळवांसाठी पायात गमबूट. दिवस बुडताना शेतापासून गावाकडे पांदणीनं चालायचं. दोन्हीकडे बाभळी, मधे बैलगाडीपुरती वाट. लोक हसतील म्हणून पांदण रिकामी दिसली की निघायचो, आणि गाव आलं की सगळं सोंग पिशवीत.

सोमवारी निम्म्या वाटेवर टिटवी ओरडायची एकदम थांबली. मागे धप्प! वळून पाहतो तर कुणी नाही. वाटेत गवताचा भारा पडलेला, विळा खोचलेला. भारा अजून हलत होता.

मंगळवारी सायकल आडवी. चाक फिरतंय. स्वार नाही! तुरीतून काहीतरी सळसळत लांब लांब गेलं.

बुधवारी एकच चप्पल. बाईची, पट्टा तुटलेली. हात लावून पाहिला. खोटं सांगत नाही, गरम होती!

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. वर्गात 'भूतबित काही नसतं' म्हणताना जीभ अडखळली. शेवटी गुरुवारी समोरच्या गोदाबाईंना भीतभीत विचारलं.

"तुमाले मालूम नाई? पांदणीत उलट्या पायाचा हाये, मास्तर! तोंड आपल्याकडं, पाय तिकडं. डोळे असे वटारलेले, ह्या मोठ्या मिशा! आपल्याकडं पाहून राह्यते, अन् मांगच्या मांगं दूर जाते. माही चप्पल तिथंच राह्यली."

तुम्ही आता हसताय. पण भ्यालेल्या माणसाच्या डोक्यात कुठे उजेड पडतो? मला एकच कळलं. अरे बापरे, म्हणजे तो रोज माझ्या मागेच असतो!

घरी येऊन बायकोला सांगितलं, "मी नाही जात. उद्या नकार कळवतो." सांगताना रडूच आलं हो. बावीस वर्षांची हौस एका भुतानं खाल्ली!

संध्याकाळी गोदाबाई दहा-बारा जणांना घेऊन नारळ-लिंबू ठेवायला पांदणीत निघाल्या. "मास्तर, तुम्ही समोर व्हा. तुम्ही शिकलेले."

आता नाही कसं म्हणणार? पायात गमबूट घातले, सरावाची पिशवी काखेत मारली आणि झालो पुढे. पण तो तर मागूनच येणार! वाटलं, मुखवट्याला वाघ फसतो तर भूत का नाही फसणार? वळणावर मी वीसेक पावलं पुढे होतो. पिशवीतून रेनकोट चढवला, मुखवटा मागे बांधला, आणि रामनाम घेत चालू लागलो.

मागची कुजबुज थांबली. पार थांबली.

मग थाळी खणकन पडली. वळून पाहतो तर वाटेवर लिंबं घरंगळतायत आणि माणूस एकही नाही!

मी धूम ठोकली. पुढे धुळीत सगळे पळत होते. भीतीनं कसलं बळ येतं बघा, मी एकेकाला मागे टाकत सुटलो. आणि ज्याला मागे टाकावं, तो किंचाळून जागीच बसायचा! गोदाबाईंनी तेवढा धीर धरला. हातातला नारळ नेम धरून हाणला.

मुखवटा फुटून खाली पडला. गोदाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या गमबुटांकडे, मग माझ्या तोंडाकडे.

"काऊन जी, मास्तर?"

एवढंच बोलल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचलेली. "भूत तं तुम्हीच, आता भेता कोनाले?" म्हणाली. बायकोनं स्वतः फोन करून शिबिराला माझा होकार कळवून टाकला होता!

निघायच्या दिवशी अर्धं गाव स्टँडवर आलं. मला गहिवरून आलं. म्हटलं, "अहो, दहाच दिवसांसाठी तर जातोय. एवढी माया कशाला?"

माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. गोदाबाई कंडक्टरला बजावत होत्या, "भाऊ, याईले मंधात कुठं उतरू देजो नोको. अन् पोचले की तिथल्या वाघाले पयले सांगून ठेवा म्हना, नाई तं भिऊन मरन बिचारा!"