जाळ्यांजवळ लावलेला भुईनळा

मैत्रिणींनो, शाळेत मधल्या सुट्टीत मालती आणि मी एकाच डब्यातून जेवायचो, आठवतं? आता ती माझी शेजारीण आहे आणि आज मी तिच्यावर जळले.

माझी नात दिवाळीला लेकीबरोबर वापीहून आमच्याकडे डहाणूला येते, पण दिवेलागण झाली की मालतीच्या अंगणात पळते. "आजी, तुझ्याकडे नुसत्या फुलबाज्या," म्हणते. म्हणून आज मी मोठे भुईनळे आणले आणि आमच्याच अंगणात लावले. दुरुस्तीला काढलेल्या जाळ्यांचा ढीग दोन हातांवर होता. नायलॉन कसं पेटतं, हे कोळ्याच्या घरात मला कुणी शिकवायला नको. पण नात माझ्याकडे बघत होती ना.

ठिणगी जाळ्यांवर पडली. वितळलेलं नायलॉन नातीच्या पायाशी ठिबकलं. मालती वाळूची बादली घेऊन कुंपणापलीकडून धावत आली.

आग विझल्यावर म्हणाली, "अगो बाय, हौस होती तर आधी जाळी तरी उचलायचीस."

नात रडत तिलाच बिलगली. खरं सांगते, तेव्हाही मला हेवा वाटला.

पोर सुखरूप आहे. नातवंडांनी आपल्याकडेच राहावं म्हणून तुम्हीही असा वेडेपणा केलाय का?

लेकी, माझ्या फोनवर तू हे वाचशीलच. उरलेले भुईनळे मालतीला दे, तिचं अंगण मोकळं आहे. जळकी जाळी बाबांना दाखव, ते बोलतील ते मी ऐकेन. आणि उद्या नातीला सुती फ्रॉक, पायात बूट घालून मालतीकडेच पाठव.